पुस्तकाच्या पाठीवर छापायचा पत्ता

मामीच्या कथासंग्रहाच्या पाचशे प्रती छापल्या आणि प्रत्येक प्रतीच्या मागच्या कव्हरवर, किमतीच्या जरा वर, तिच्या वेबसाइटचा पत्ता छापला. दोन वर्षांनी सुरतेहून एका वाचकाचा फोन आला. "ताई, गोष्टी आवडल्या. पण तुमच्या साइटवर तर रमी चालू आहे." मामी बडोद्यात दांडिया बाजारातल्या जुन्या वाड्यात राहते. रमी तिला येते, दिवाळीत चार डाव खेळतेसुद्धा, पण पैसे लावून खेळायचा अड्डा तिने काही उघडला नव्हता.

झालं होतं ते असं. साइट एका ओळखीच्या एजन्सीने करून दिली. पैसे एकरकमी घेतले, रंगबिरंगी पान उभं केलं आणि पत्ता नोंदवला तो स्वतःच्या नावावर. वर्ष संपताना नूतनीकरणाच्या सूचना आल्या, त्या एजन्सीतून नोकरी सोडून गेलेल्या मुलाच्या ईमेलवर. फी कोणीच भरली नाही. पत्ता मोकळा झाला आणि असे सुटलेले पत्ते टिपत बसणाऱ्या कोणीतरी तो उचलला. "अगं, नाव माझं, मग दुसऱ्याच्या नावावर कसं?" हा मामीचा प्रश्न. कॉम्प्युटरवर पोट भरणारी तिची भाची म्हणून हे आधी मीच विचारायला हवं होतं.

म्हणून ज्यांचं पहिलं पुस्तक येऊ घातलंय त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. वेबसाइट म्हटली की लोक रंग, फोटो आणि सरकणाऱ्या चित्रांपासून सुरुवात करतात. ते सगळं पुढच्या रविवारी बदलता येतं. छापलेल्या पाचशे प्रतींवरचा पत्ता तेवढा बदलता येत नाही, तेव्हा आपण पत्त्यापासूनच सुरू करू.

वेबसाइट नावाच्या एका वस्तूत खरं तर तीन वस्तू असतात: नाव, जागा आणि मजकूर. नाव म्हणजे लोक टाइप करतात तो पत्ता, ज्याला डोमेन म्हणतात. जागा म्हणजे मजकूर ठेवलेला, दिवसरात्र चालू असलेला कुठलातरी कॉम्प्युटर. ती भाड्याने घेणं म्हणजे होस्टिंग. एजन्सी या तिन्हींचं मिळून एक बिल देते, म्हणून आपल्याला ती एकच वस्तू वाटते. मामीची फसगत तिथेच झाली.

यातला फरक बडोदेकराला समजावणं सोपं आहे. सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकेहून विल्यम बोर्डन नावाचे ग्रंथपाल बोलावून संस्थानात ग्रंथालयांचं जाळं उभारलं. त्यातलं मध्यवर्ती ग्रंथालय मांडवीजवळ आजही आहे. त्याच्या पुस्तकांच्या मजल्यांना काचेच्या लाद्या आहेत, उजेड खालपर्यंत पोचावा म्हणून. आता कुठलंही जुनं ग्रंथालय डोळ्यांसमोर आणा. वाचक पुस्तक नावाने मागतो. ग्रंथपाल कार्डांचा खण ओढतो, कार्डावर कपाटाचा क्रमांक बघतो आणि पुस्तक काढून देतो. उद्या ते पुस्तक दुसऱ्या मजल्यावर हलवलं, तर कार्डावरचा क्रमांक खोडून नवा लिहायचा. वाचकाला त्याचा पत्ताही लागत नाही, तो आपला त्याच नावाने मागत राहतो.

डोमेन म्हणजे ते नाव, होस्टिंग म्हणजे कपाट आणि या दोघांना जोडणारा कार्डांचा खण म्हणजे डीएनएस. इंटरनेटवरच्या प्रत्येक यंत्राला एक आकड्यांचा क्रमांक असतो. माणसाला आकडे लक्षात राहत नाहीत म्हणून नावं आली. अगदी सुरुवातीला सगळ्या जगाची नावं एकाच फाइलमध्ये होती. ती कॅलिफोर्नियातल्या एका संशोधन संस्थेत ठेवलेली असे आणि बाकीचे तिची नक्कल उतरवून घेत. यंत्रं वाढली तशी ती वही पुरेना, तेव्हा १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी वाटून ठेवलेल्या वह्यांची ही पद्धत आखली. आज तुम्ही मोबाइलवर एखादा पत्ता टाकला की तुमच्या इंटरनेट कंपनीचा सर्व्हर आधी मूळ सर्व्हरांना विचारतो, "‘डॉट इन’ने संपणाऱ्या नावांची वही कोणाकडे?" तिथून उत्तर आलं की त्या वहीवाल्याला विचारतो, "या लेखिकेचं कार्ड कोणाकडे?" मग त्या तिसऱ्याला, "कपाट कितवं?" हे सगळं पापणी लवायच्या आत होतं, कारण एकदा मिळालेलं उत्तर काही काळ जवळ जपून ठेवलेलं असतं. बडोद्याच्या ग्रंथालयातून पुस्तकांच्या पेट्या खेड्यापाड्यांत फिरत, तशा या कार्डांच्या नकला जगभर फिरत असतात. त्यामुळेच कपाट बदललं की काही लोकांना काही तास, क्वचित एखाद-दोन दिवस, जुनंच पान दिसतं. त्या दिवशी घाबरून पुन्हा काही बदलायला जाऊ नका.

यावरून एक व्यवहाराची गोष्ट निघते. कपाट भाड्याचं असलं तरी चालतं, फुकटचं असलं तरी चालतं, न आवडलं तर वर्षाने सोडता येतं. कार्डावरचं नाव मात्र तुमच्या ताब्यात हवं. फेसबुकवरच्या किंवा इन्स्टाग्रामवरच्या पानाला हेच लागू आहे. तिथे वाचक जमतात, जरूर जा. पण ३० सप्टेंबर २०१४ ला ऑर्कुट बंद झालं आणि जून २०२० मध्ये टिकटॉक आपल्याकडे एका रात्रीत गेलं, तेव्हा तिथले पत्ते देऊन बसलेल्या माणसांकडे दुसऱ्या दिवशी सांगायला पत्ताच उरला नाही.

नाव ताब्यात असणं म्हणजे नेमकं काय? डोमेन कायमचं विकत मिळत नाही, मुदतीने मिळतं, एका वेळी जास्तीत जास्त दहा वर्षांसाठी. ते विकणाऱ्या कंपनीला रजिस्ट्रार म्हणतात. ‘डॉट इन’ नावांची मूळ वही भारतात ‘निक्सी’ ही संस्था सांभाळते आणि रजिस्ट्रार तिच्या वतीने नोंदी करतात. नोंदीत धारक म्हणून ज्याचं नाव, ते त्याचं. साइट कोणीही बनवो, रजिस्ट्रारकडचं खातं तुमच्या ईमेलवर आणि तुमच्या मोबाइलवर उघडा. भाचा फार हुशार असला तरी त्याच्या ईमेलवर नको, तो उद्या कॅनडाला जाईल. बनवणाऱ्याला काम करण्यापुरता प्रवेश द्या आणि काम झालं की पासवर्ड बदला.

आधीच कोणीतरी करून दिलेली साइट असेल, तर आजच एक निरोप पाठवा: "डोमेनच्या नोंदीत धारक कोण आहे, आणि नाव माझ्या खात्यात हलवायचा कोड द्याल का?" असा कोड असतो आणि तो मागण्यात काही गैर नाही. ‘डॉट कॉम’सारख्या नावांना नोंदणीनंतर पहिले साठ दिवस सहसा हलवता येत नाही, एवढीच अट.

मुदत संपली की नाव त्याच रात्री जात नाही. ‘डॉट कॉम’च्या बाबतीत रजिस्ट्रार आधी सवलतीचे काही दिवस देतो. त्यानंतर ३० दिवस असे असतात की भरमसाट दंड भरून नाव परत मिळतं. मग पाच दिवस ते लटकतं आणि शेवटी बाजारात मोकळं सुटतं. म्हणजे मामीची साइट बंद पडल्यापासून रमी सुरू होईपर्यंत बरेच दिवस मधे होते. त्या दिवसांत तिने स्वतःचीच साइट एकदा उघडून बघितली असती तरी वाचलं असतं. पण स्वतःची साइट कोण बघतं?

‘आपोआप पैसे कापून घ्या’ यावर विसंबू नका. ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेचे कार्डावरून वारंवार होणाऱ्या वसुलीचे नियम कडक झाले. ते आपल्या भल्यासाठीच आहेत, पण परदेशी कंपनीची अशी वसुली अनेकदा अडते आणि आपल्याला कळतही नाही. त्यापेक्षा तीन-चार वर्षांचं एकदम भरा. पहिल्या वर्षाच्या जाहिरातीतल्या किमतीकडे न बघता नूतनीकरणाची किंमत बघा. साध्या नावाला ती वर्षाला साधारण पाचशे ते दीड हजार रुपयांत बसते. मामी म्हणाली, दर पाडव्याला आठवण ठेवीन. मी म्हटलं, पाडवा मागेपुढे सरकतो, इंग्रजी तारीख धर. तिने ती कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाशेजारी लिहिली आहे.

आता नाव कोणतं घ्यायचं. पुस्तकाचं घेऊ नका, दुसरं पुस्तक येईलच. स्वतःचं घ्या. इथे मराठी माणसाची खरी पंचाईत होते, ती स्पेलिंगची. गायकवाड हेच आडनाव बघा. राजघराणं मधे ‘ए-ई’ लिहितं, बाकी पुष्कळसे ‘ए-आय’ लिहितात, आणि जुन्या इंग्रजी कागदांत शेवटी ‘डी’ऐवजी ‘आर’सुद्धा सापडतो. खुद्द आमच्या शहराचं घ्या. १९७४ पासून अधिकृत नाव वडोदरा, १९०८ पासूनच्या बँकेच्या पाटीवर अजून बरोडा, आणि आम्ही घरात म्हणतो बडोदं. तर तुमचं नाव पाच जणांना मोबाइलवर इंग्रजीत टाइप करायला सांगा. तिघांनी जे लिहिलं ते घ्या, आधार कार्डावर काहीही असो. उरलेलं एखादं स्पेलिंगही घेऊन ते पहिल्याकडे वळवता येतं, पण तो शौक झाला.

देवनागरीतही पत्ता घेता येतो. ‘डॉट भारत’ २०१४ पासून आहे. मला तो दिसायला फार आवडतो, आणि तरी एकटा घ्या असं मी सांगणार नाही. आत डीएनएसला अजून रोमन अक्षरंच लागतात, म्हणून तुमचं सुरेख देवनागरी नाव आतल्या आत एका अगम्य रोमन सांकेतिक शब्दात बदललं जातं. काही ठिकाणी तोच शब्द लोकांना दिसतो आणि त्यांना ती फसवणुकीची लिंक वाटते. साइटच्या आतल्या पानांच्या पत्त्यांचंही असंच. देवनागरीचं एकेक चिन्ह लिंक कॉपी करताना नऊ-नऊ चिन्हांचं होतं. ‘सयाजी’ एवढा शब्द काना-वेलांटी धरून पाच चिन्हांचा, म्हणजे पंचेचाळीस चिन्हांची शेपटी. आतली पानं रोमनमध्ये, छोट्या नावांची ठेवा.

कपाटाबद्दल थोडक्यात. जगातल्या दर दहा साइटींपैकी चार वर्डप्रेसवर चालतात, त्यामुळे बनवणारा तेच सुचवेल. वर्डप्रेस चांगलंच आहे, फक्त ते यंत्र आहे. त्याला डेटाबेस लागतो, त्याचे जोडभाग वेळोवेळी अद्ययावत करावे लागतात, आणि ते दोन वर्षं तसेच राहिले तर चोर शिरतो. शिवाय त्या नावाच्या दोन गोष्टी आहेत: ‘डॉट ऑर्ग’वरून फुकट मिळणारं सॉफ्टवेअर, जे तुम्ही तुमच्या कपाटात बसवता, आणि ‘डॉट कॉम’वरची सेवा, जिथे कपाटही त्यांचंच. कोटेशनमध्ये नुसतं ‘वर्डप्रेस’ लिहिलं असेल तर कुठलं ते विचारा. एका पुस्तकाच्या लेखकाला माझ्या मते दोन-तीन साधी, न हलणारी पानं पुरतात. तशी पानं गूगल साइट्सवर किंवा गिटहब पेजेसवर फुकट ठेवून वर आपलं डोमेन लावता येतं. तिथे बिघडायलाच फारसं काही नसतं. पत्त्याशेजारच्या कुलपाचेही, म्हणजे साइटशी होणारी देवाणघेवाण सुरक्षित असल्याच्या खुणेचेही, वेगळे पैसे देऊ नका. त्यासाठी लागणारं प्रमाणपत्र ‘लेट्स एन्क्रिप्ट’ २०१५ पासून फुकट देतं आणि बहुतेक होस्टिंगवाले ते आपणहून बसवतात. त्याच्या नावाखाली दोन हजारांची ओळ बिलात दिसली तर तिच्यावर बोट ठेवा.

मजकुराकडे वळू, कारण मराठी लेखकाची निम्मी अडचण इथे आहे. प्रकाशकाकडून पुस्तकाची फाइल मिळते. त्यातला एक उतारा उचलून साइटवर चिकटवला की तिथे इंग्रजी अक्षरं, चिन्हं आणि कंसांचा चिवडा उमटतो. फाइल बिघडलेली नसते. आपल्याकडच्या छपाईत वर्षानुवर्षं वापरलेल्या जुन्या फॉन्टांत इंग्रजी अक्षराच्या जागीच देवनागरी आकार बसवलेला असे. तो फॉन्ट असलेल्या कॉम्प्युटरवर ‘क’ दिसतो, बाकी सगळीकडे मूळचं इंग्रजी अक्षर. युनिकोड म्हणजे जगातल्या लिप्यांच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक देणारी पद्धत. तिच्यात देवनागरीला स्वतःच्या १२८ जागा आहेत, तिथला ‘क’ जगात कुठेही ‘क’च. तेव्हा मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्यावा लागतो. त्याला रूपांतर करणारे प्रोग्राम आहेत.

पण रूपांतरावर डोळे मिटून विश्वास टाकू नका. रफार आणि ‘ऱ्य’ यांत ते हमखास घसरतात. लग्नाच्या गोष्टीत ‘आचाऱ्यास बोलावले’चं ‘आचार्यास बोलावले’ झालं तर पंगतीला संस्कृतचे सर येऊन बसतील. ‘दऱ्या’चा ‘दर्या’ झाला तर सह्याद्रीत समुद्र घुसतो. ‘ॲ’चंही एक गूढ आहे. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं. त्याआधी लोक ‘अ’वर चंद्र देऊन काम भागवत, अजूनही देतात. दिसायला दोन्ही सारखीच, पण यंत्राच्या लेखी वेगळी, म्हणून एकात लिहिलं आणि दुसऱ्यात शोधलं तर सापडेलच असं नाही. उतारा चिकटवला की एकदा मोठ्याने वाचून काढा, मामीने वाचला तसा, चष्मा पुसून.

आणखी एक बारीक गोष्ट, जी बनवणारा सहसा विसरतो. पानाच्या आत, वाचकाला न दिसणाऱ्या जागी, पान कुठल्या भाषेत आहे हे लिहायचं असतं. तिथे इंग्रजीच राहून जातं, किंवा देवनागरी दिसली म्हणून हिंदी. मराठी लिहिलं की काही फॉन्ट आपणहून शाळेत शिकलेला पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ दाखवतात, आणि दृष्टिहीन वाचकाला पान वाचून दाखवणारा आवाज मराठी उच्चार धरतो. एका शब्दाचा बदल आहे. सांगून करून घ्या.

पानावर काय हवं? वाचक दोन-तीनच प्रश्न घेऊन येतो: ही कोण, लिहिते कसं, पुस्तक कुठे मिळेल. त्यामुळे नाव देवनागरीत आणि रोमनमध्ये, दोन्हीकडे, अक्षरांत लिहिलेलं. सुंदर सुलेखनातल्या चित्रात असलेलं नाव गूगलला नीट वाचता येईलच असं नाही. स्कॅन केलेल्या कात्रणांचंही तेच, त्यातला महत्त्वाचा परिच्छेद खाली टाइप करून ठेवा. मग मुखपृष्ठ, किंमत, प्रकाशक, मागवायचा रस्ता आणि आयएसबीएन. पुस्तकाची ओळख पटवणारा हा तेरा आकड्यांचा क्रमांक भारतात राजा राममोहन रॉय यांच्या नावाची सरकारी यंत्रणा फुकट देते. आपल्याकडचे क्रमांक ९७८-८१ किंवा ९७८-९३ने सुरू होतात. एक पूर्ण गोष्ट द्या, तुकडा नको. मामी आधी अडून बसली, फुकट वाचल्यावर विकत कोण घेईल म्हणून. सुरतेच्या त्या वाचकाने मात्र साइट धड होती तेव्हा तिथे एक गोष्ट वाचूनच पुस्तक मागवलं होतं.

फक्त गोष्ट टाकण्याआधी प्रकाशकाशी झालेला करार काढून बघा. हक्क किती मुदतीसाठी दिलेत? कागदावर मुदत लिहिलीच नसेल तर आपला कॉपीराइट कायदा ती पाच वर्षं धरतो, आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारत. मुखपृष्ठाचं चित्र चित्रकाराचं असतं, त्यालाही एकदा विचारा. घरचा पत्ता आणि रोजचा मोबाइल नंबर पानावर घालू नका, वेगळा ईमेल पुरतो.

आपल्याकडे लेखकाची लिंक फिरते ती व्हॉट्सॲपवर. तिथे लिंकखाली जे चित्र आणि दोन ओळी दिसतात, त्या पानातच वेगळ्या लिहून ठेवाव्या लागतात. नाहीतर राखाडी चौकोन येतो आणि नातेवाईकही तो उघडत नाहीत. मुखपृष्ठाचा फोटो प्रेसच्या फाइलमधून उचललेला आठ-दहा एमबीचा नको. दोन-तीनशे केबीत मोबाइलवर तो तितकाच छान दिसतो.

मामीचं जुनं नाव परत मागायला गेलो तेव्हा नव्या मालकाने डॉलरमध्ये जो आकडा सांगितला, त्यात तिचा दुसरा संग्रह छापून झाला असता. सोडून दिलं. नवं नाव तिच्याच खात्यात घेतलं, पाच वर्षांसाठी. स्पेलिंगसाठी वाड्यातल्या पाच जणांना विचारलं, त्यात खालच्या मजल्यावरच्या गुजराती बेननी आडनावात एक ‘ए’ कमी घातला आणि तेच सगळ्यांना पटलं. न विकलेल्या एकशे ऐंशी प्रती उरल्या होत्या. रावपुऱ्यातून पांढऱ्या चिकटपट्ट्या छापून आणल्या आणि एका रविवारी गच्चीत बसून प्रत्येक पुस्तकाच्या पाठीवर रमीच्या पत्त्यावर एकेक लावली. शेव-उसळ आली तेव्हा बारा प्रती राहिल्या होत्या. "हात धुऊन मगच," मामी म्हणाली, "कव्हरला रस्सा लागेल."